विंगर व्हायचंय? आधी मागे पळायला शिका

फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजनमध्ये मी नऊ सीझन उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने हल्ला करत काढले. पहिल्या ट्रायलला पहिल्या दहा मिनिटांत तिघांना चकवलं. कोच नुसता बघत होता. त्याने वहीत काहीतरी लिहिलं ते माझ्या पायातून बॉल गेल्यावर, मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो तेव्हा.

या पातळीवर तुमचं पोट तुमच्या मागच्या फुलबॅकवर, म्हणजे कडेच्या बचावपटूवर चालतं. तुम्ही परत आला नाहीत की त्याच्या अंगावर दोघे येतात. गोल झाला की शिव्या त्याला. मग पुढच्या मॅचला तो तुम्हाला बॉलच देत नाही. माझे सलग तीन आठवडे असे गेले: मी टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेला चिकटून हात वर करून उभा, खेळ सगळा पलीकडच्या बाजूने. एकदा धावत मागे येऊन त्याच्यासाठी बॉल काढला, त्यानंतरचा पास थेट माझ्या पायात आला.

मॅचआधी वॉर्मअपला उतरलात की टचलाइनपासून गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सपर्यंत पावलं मोजा. नियमाने मैदानाची रुंदी 45 ते 90 मीटरपर्यंत असू शकते, बॉक्स मात्र सगळीकडे साधारण 40.3 मीटर रुंदच. म्हणजे 64 मीटरच्या मैदानावर बॉक्सच्या बाहेर तुमच्या वाट्याला जेमतेम 12 मीटर येतात, 75 च्या मैदानावर सतरा. बारात समोरच्या संघाच्या फुलबॅकला चकवायला जाल तर सरळ टचलाइनबाहेर जाल. तिथे पहिल्याच टचला क्रॉस टाका, म्हणजे बॉल कडेवरून गोलसमोर मारा. आणि पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं तेही बघून ठेवा. थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, हे बचाव करणारे बऱ्याचदा विसरतात. मी त्यावर चार-पाच गोल करून दिलेत.

हॅमस्ट्रिंगबद्दल थोडक्यात: मांडीमागच्या या स्नायूसाठीचे नॉर्डिक व्यायाम कंटाळवाणे असतात, तरी करा. माझी दुसऱ्यांदा गेली ती निव्वळ घाईने परतल्यामुळे.

जेमी वार्डीचं उदाहरण सगळेच देतात. 2012 मध्ये पंचविसाव्या वर्षी पाचव्या श्रेणीतल्या फ्लीटवुड टाउनमधून तो लेस्टर सिटीत गेला, 2016 मध्ये प्रीमियर लीग जिंकला. खरं आहे. पण तुमच्या घरभाड्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो करारातल्या ओळींनी सुटतो. फिफाच्या नियमाप्रमाणे कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी करार करता येतो. ती तारीख लिहून ठेवा. आणि 'प्रत्येक सामन्याचे पैसे' असं लिहिलं असेल तर सामना म्हणजे काय ते सहीआधी विचारा. विंगर हा सर्वांत आधी बदलला जाणारा आणि बेंचवरून सर्वांत आधी उतरवला जाणारा गडी. एका क्लबात मी हे विचारलं नाही. त्या सीझनला सतरा वेळा बेंचवरून उतरलो. हिशोबाला गेलो तर कळलं, पैसे फक्त सुरुवातीच्या अकरात असलेल्यांना होते.