पहिल्यांदा कासव पाळताय? या चुका टाळा

कासव चिवट असतं, आणि तीच त्याची पंचाईत आहे. मासा वाईट पाण्यात दोन दिवसांत मरतो आणि मालकाला चूक कळते. कासव तीच चूक चार-पाच महिने सोसतं. गणपतीत आणलेलं पिल्लू संक्रांतीच्या सुमाराला जातं, तोवर पहिल्या आठवड्यात काय चुकलं होतं हे घरात कोणाच्या लक्षातही नसतं. आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारं हिरवं पिल्लू बहुधा रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे कानामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकी कासव असतं. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

कृष्णाकाठी, उसाच्या पाटात किंवा विहिरीत सापडलेलं कासव घरी आणूच नका. आपलं मऊ पाठीचं कासव आणि वास्तूच्या नावाखाली विकलं जाणारं चांदणी कासव, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. ते पाळणं गुन्हा आहे आणि त्याला ३ ते ७ वर्षांची शिक्षा आहे.

"खिडकीतून ऊन येतं की!"

या एका वाक्यापायी जितकी पिल्लं जातात, तितकी दुसऱ्या कशानेही जात नसतील. कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात. खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते. कासव उबेला बसलेलं दिसतं, घरचे निर्धास्त होतात, आणि कवच आतून मऊ पडत राहतं. काही महिन्यांनी कडा वर वळतात, पाठ बोटाने दाबली की दबते, मागचे पाय ओढले जातात. उपचारांनी कवच पुन्हा कडक होऊ शकतं, पण वाकडं झालेलं सरळ होत नाही.

उपाय सोपा आहे. उन्हाळ्यात सकाळी ८ ते ९, थंडीत ९:३० ते १०:३० या वेळात अर्धा तास घमेल्यात घालून उघड्या उन्हात ठेवा. घमेल्याचा अर्धा भाग ओल्या गोणपाटाने झाका, म्हणजे तापलं की त्याला सावलीत सरकता येईल. वरून जाळी टाका, कावळे आणि मांजरं टपलेलीच असतात. एप्रिलच्या दुपारी काळ्या घमेल्यात चार लिटर पाणी घालून गच्चीवर विसरलात, तर त्या कासवाची आशा सोडा.

रोज जमत नसेल तर ५.० ची यूव्हीबी ट्यूब घ्या. ती बसण्याच्या जागेपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न येऊ देता, दिवसाला १० ते १२ तास लावा. वर्षाने बदला. उजेड देत असली तरी यूव्हीबी संपत आलेलं असतं. निळा एलईडी शोभेचा आहे, त्याने काहीही होत नाही. उबेसाठी वेगळा साधा बल्ब हवा, त्याखाली ३२ ते ३४ अंश. बसायला जुनं मंगळुरी कौल तिरकं ठेवा. त्याच्या खरखरीत पाठीवर पाय घसरत नाहीत. पॉलिश केलेल्या फरशीवर पिल्लू चढूच शकत नाही.

"थंडीत झोपतंच ते"

डिसेंबरात रात्रीचा पारा १२-१३ अंशांवर येतो आणि बाल्कनीतल्या टबातलं पाणीही त्यामागे उतरतं. कासव खाणं सोडतं, डोळे मिटून बसतं. कोणीतरी "शीतनिद्रा आहे, हात लावू नका" म्हणतं आणि महिनाभर कोणी बघत नाही. आपल्याकडची थंडी धड ना इकडची, ना तिकडची. खरी शीतनिद्रा लागावी इतका गारवा सलग टिकत नाही, आणि पोटातलं अन्न पचावं इतकी ऊबही नसते. अन्न पोटात कुजतं, छातीत संसर्ग होतो. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं टाकून श्वास, एका कुशीवर कलंडून तरंगणं ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत.

पाणी २५-२६ अंशांवर ठेवा, पिल्लांसाठी २८ पर्यंत. लिटरमागे एक वॅट या हिशेबाने हीटर घ्या आणि भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात बसवा, नाहीतर कासव धडका देऊन काच फोडतं. पाणी काढण्याआधी बटण बंद करा. दहा मिनिटांनी पाणी काढा, तापलेला हीटर उघडा पडला की तडकतो. थर्मामीटर हवाच, हात बुडवून अंदाज घेऊ नका.

लक्षणं दिसली तर माणसांची अँटिबायोटिक गोळी पाण्यात विरघळवू नका. डोस वजनावर ठरतो. बरेचसे पशुवैद्य गाई-म्हशींचे असतात, म्हणून कासव तपासणारा कोण हे आणण्याआधीच विचारून ठेवा. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही फोनवर चौकशी करता येईल.

बाकीच्या चुका

काचेचा वाडगा: कवचाच्या दर इंचाला ४० लिटर पाणी धरा. चार इंची कासवाला एकशे साठ लिटर, आणि मादी दहा-बारा इंच वाढते. हे ऐकून विचार बदलला तर उत्तम, दुकानातून परत फिरा.

नुसते सुके झिंगे: अ जीवनसत्त्व कमी पडून पापण्या सुजतात. त्याच्या डोक्यात मावतील एवढेच पेलेट (कासवांचं तयार दाणेदार खाद्य), सोबत किसलेलं गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर. गोठ्यासाठी अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) करणारे शेतकरी शेजारी असतील तर मूठभर मागा, आवडीने खातं. पालक नको, तो कॅल्शियम अडवतो. टबात समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा. पोळी, भात, दूध कधीच नाही.

बारीक खडी: गिळतं आणि आतडं तुंबतं. खडा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर तळ मोकळा ठेवा.

कवचाला खोबरेल किंवा हळद: लावू नका. पातळ पारदर्शक पापुद्रे सुटणं ही वाढ आहे. पांढरा, मऊ, वास येणारा डाग म्हणजे कवच सडतंय.

टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुणं: कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. हात साबणाने धुवा, पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नका.

कंटाळा आला म्हणून कृष्णेत, तळ्यात किंवा देवळाच्या विहिरीत सोडणं: याला माफी नाही. हे कासव जगातल्या सर्वात घातक १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. ते आपल्या कासवांची जागा आणि अन्न दोन्ही बळकावतं. सांगलीत नदीकाठच्या भागात राहत असाल तर अंगणातली टाकीही तितकीच धोक्याची. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला की ते आपोआप नदीत जातं, म्हणून पाणी चढायला लागलं की त्याला झाकणाच्या बादलीत घालून वरच्या मजल्यावर न्या. सांभाळणं होत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा.