जुन्या गाडीतलं डॅशबोर्डचं घड्याळ बंद आहे? खोलण्याआधी या चुका टाळा

क्लासिक गाडी म्हटली की डॅशबोर्डवरचं घड्याळ बंदच असणार, असं लोक धरूनच चालतात. मग ते एकतर तसंच पडून राहतं, नाहीतर आतली मशीन फेकून क्वार्ट्झ बसवलं जातं. खरं तर यातली बरीच घड्याळं झिजलेली नसतात, नुसती अडकलेली असतात, आणि मोठं नुकसान होतं ते दुरुस्तीच्या घाईत.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या. १९५०-६० च्या काळातल्या खूप गाड्यांत घड्याळ थेट विजेवर चालतच नाही, चालतं ते छोट्या स्प्रिंगवर. स्प्रिंग काही मिनिटांत उतरत येते, दोन कॉन्टॅक्ट पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलमध्ये करंट जातो, कॉइल आर्मेचरला (चुंबकाने हलणाऱ्या लोखंडी तुकड्याला) जोरात ढकलते, स्प्रिंग परत भरते आणि पॉइंट सुटतात. इंजिन बंद असताना मधूनच जो 'टक्' आवाज येतो ना, तो हाच.

आता बॅटरी उतरलेली असेल तर हा झटका अपुरा पडतो, पॉइंट टेकलेलेच राहतात आणि जी कॉइल फक्त क्षणभर करंट घ्यायला बनवलीय तिच्यातून सतत करंट वाहत राहतो, मग ती तापते आणि जळते. म्हणजे घड्याळ मरतं ते बहुतेक वेळा गाडी उभी असताना! त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर घड्याळाचा फ्यूज काढून ठेवा किंवा बॅटरीला मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा. बॅटरी परत जोडताना ती फुल चार्ज असू द्या. अर्धवट उतरलेली बॅटरी जोडून 'बघू चालू होते का' करणं, हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

काही घड्याळांत कॉइल वाचावी म्हणून कमी तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरचा एक जोड दिलेला असतो, तोच फ्यूज. तो सुटलेला दिसला की लोक नेहमीच्या सोल्डरने डाग देतात, घड्याळ चालतं, सगळे खूश. पण नेहमीचं ६०/४० सोल्डर वितळतं १८३ अंशांच्या पुढे, तोवर कॉइलचं काय होणार? बिस्मथ-कथिलाचं सोल्डर १३८ अंशांना वितळतं, निदान तसलं काहीतरी वापरा. आणि जोड का सुटला ते शोधल्याशिवाय डाग देऊच नका, कारण नव्वद टक्के नाही म्हणत मी, पण बहुतेक वेळा पॉइंट काळे पडलेले असतात. ते साफ करायला बारीक पॉलिश पेपरची पट्टी हलकेच फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जाड कानस लावली तर पॉइंटवरचा धातूच निघून जातो.

घड्याळ बाहेर काढायच्या आधी वायरिंग बघा. या घड्याळाला सप्लाय चोवीस तास हवा, इग्निशनवरचा नाही, आणि मागे डायलच्या बल्बची वायर वेगळी असते, तीच घड्याळाला लावून ठेवलेली असली तर ते फक्त लाइट लावल्यावर चालणार. मल्टीमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका, गंजलेल्या जोडातूनही मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं, त्याच वायरवर एक बल्ब लावून तो नीट पेटतो का बघा. अर्थिंगही तपासा, डॅशबोर्ड रंगवल्यावर ते हमखास जातं. टेबलावर टेस्ट करताना मोबाइलच्या चार्जरसारखा छोटा अडॅप्टर नको, तो झटक्याएवढा करंट देत नाही आणि पॉइंट तिथेच चिकटतात.

गंज काढायच्या स्प्रेबद्दल तर हात जोडून सांगतो, आत मारू नका. पहिले काही दिवस घड्याळ मस्त चालतं, मग स्प्रे सुकून चिकट होतो, धूळ धरतो. बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे फिरून वेळ राखणाऱ्या चाकाच्या, हेअरस्प्रिंगला (केसासारख्या बारीक स्प्रिंगला) तेलाचा थेंब लागला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने फक्त पिव्हटला (चाकाच्या आसाच्या टोकाला) लावायचं. हेअरस्प्रिंगला नाही आणि पॉइंटला तर नाहीच.

काटे काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, डायलवर प्लास्टिकचा तुकडा ठेवून दोन्ही बाजूंनी सारखं उचला. आणि जुन्या डायलवरचा अंधारात चमकणारा रंग खरवडायचा नाही म्हणजे नाही. जुन्या घड्याळांत तो रेडियमचा असू शकतो, चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे. त्याची धूळ श्वासात जाणं खरंच धोक्याचं.

घड्याळ चालू झालं पण पुढे पळतंय? काही गाड्यांत, विशेषतः अमेरिकन, वेळ लावायची कळच वेगही दुरुस्त करते, काटे पुढे फिरवले की वेग वाढतो, मागे फिरवले की कमी होतो. दहा मिनिटं पुढे गेलेलं घड्याळ कोणी सगळा फेरा पुढे फिरवून जुळवलं, तर ते आणखीच पळणार. सरळ दहा मिनिटं मागे घ्या, दुसऱ्या दिवशी परत बघा.

पॉझिटिव्ह अर्थची गाडी (बॅटरीचं + टोक बॉडीला जोडलेली) निगेटिव्ह केली असेल तर घड्याळात डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे का बघून मगच जोडा. सहा व्होल्टचं घड्याळ बारावर चालवायला सिरीजमध्ये रेझिस्टर लावतात, ते कॉइलवाल्या घड्याळाला चालतं, पण क्वार्ट्झ मशीन इतका कमी करंट घेते की त्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडतच नाही आणि सर्किट उडतं, तिथे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटरच हवा.

कॉइल खरंच जळली असेल आणि रिवाइंड करणारा कोणी मिळत नसेल, तर क्वार्ट्झ बसवायला माझी काहीच हरकत नाही. फक्त जुनी मशीन, स्क्रू आणि वॉशरसकट, एका डबीत ठेवून गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपा, पुढच्या मालकाला ती परत बसवायची असेल.