सुस्त चित्त, चंचल चित्त आणि सात बोध्यंगे : ध्यानाची एक वहिवाट

ध्यानाला नियमाने बसणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते : काल मन छान लागले होते, आज काही केल्या लागत नाही. या तक्रारीच्या मुळाशी असा समज असतो की साधना म्हणजे एक चांगली अवस्था मिळवणे आणि ती टिकवून धरणे. बुद्धांची शिकवण या समजाला आधार देत नाही. संयुत्त निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातील अस्सुतवा सुत्तात (सुत्त म्हणजे उपदेश) ते सांगतात की एखाद्याने शरीराला ‘मी’ मानले तर ते एक वेळ समजू शकते, कारण शरीर दहा, वीस, पन्नास, शंभर वर्षेही टिकलेले दिसते. परंतु ज्याला चित्त म्हणतात ते रात्रंदिवस एक होऊन उपजते आणि दुसरे होऊन मावळते. जे स्वभावतःच बदलते त्याला जागच्या जागी खिळवण्यात शक्ती घालवू नये. या घडीला चित्त कसे आहे आणि त्याला कशाची गरज आहे, हे ओळखायला शिकावे. सात बोध्यंगांची, म्हणजे बोधीकडे (ज्ञानप्राप्तीकडे) नेणाऱ्या सात अंगांची, साधना नेमकी याच कौशल्याची आहे.

बसण्यापूर्वीची तयारी थोडक्यात सांगता येते, पण ती टाळता येत नाही. पंचशीलाचे पालन हा साधनेचा पाया आहे. दिवसभर खोटे बोलून किंवा कुणाला दुखवून सायंकाळी डोळे मिटले, तर चित्त त्याच प्रसंगांभोवती फिरत राहते. महाराष्ट्रातील अनेक घरांत आणि विहारांत त्रिसरण-पंचशील लहानपणापासून म्हटले जाते. तेच शब्द बसण्याआधी सावकाश, अर्थ मनात आणून म्हणावेत. मग पाठ ताठ पण ताण न देता ठेवावी आणि नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आहे हे जाणावे, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व आहे हे जाणावे. तो मुद्दाम लांबवू नये. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात होणाऱ्या दहा दिवसांच्या शिबिरातही आधी शील घेतले जाते, सुरुवातीचे तीन दिवस आनापान (श्वासाकडे लक्ष देणे) चालते आणि विपश्यना (अनुभव जसा आहे तसा पाहणे) त्यानंतरच शिकवली जाते. हा क्रम घरीही मोडू नये.

श्वासावर लक्ष थोडे स्थिरावले की चित्ताची पाहणी करावी. सतिपट्ठान सुत्तातील चित्तानुपश्यनेच्या (चित्ताच्या निरीक्षणाच्या) भागात चित्ताच्या आठ जोड्या, म्हणजे सोळा अवस्था दिल्या आहेत : आसक्त आणि अनासक्त, द्वेषयुक्त आणि द्वेषरहित, मोहयुक्त आणि मोहरहित, आक्रसलेले आणि विखुरलेले, अशा क्रमाने ही यादी समाहित-असमाहित (एकाग्र-अनेकाग्र) आणि विमुक्त-अविमुक्त चित्तापर्यंत जाते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या ठिकाणी द्वेषयुक्त चित्त हाकलून द्या असे सांगितलेले नाही. द्वेषयुक्त चित्ताला द्वेषयुक्त म्हणून जाणा, एवढेच सांगितले आहे. व्यवहारात हे असे करावे : शेजाऱ्याशी झालेले भांडण मनात घोळू लागले तर त्या भांडणात कोण बरोबर होते याचा निवाडा करत बसू नये. ‘या क्षणी द्वेषयुक्त चित्त आहे’ अशी मनोमन नोंद करावी, छातीत किंवा जबड्यात जाणवणारा ताण पाहावा आणि पुन्हा श्वासाकडे यावे. ‘मी तापट आहे’ असे म्हटले की ती अवस्था आपली ओळख बनते. नुसती नोंद केली की ती येते आणि जाते हे स्वतःच्याच अनुभवात दिसू लागते.

नोंद करूनही काही अवस्था हटत नाहीत. त्यांनाच पाच नीवरणे, म्हणजे चित्ताचे अडथळे, म्हणतात : विषयांची ओढ, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता व पश्चात्ताप, आणि संशय. द्वेष चिवट असेल तर मैत्रीभावना करावी, म्हणजे भले व्हावे अशी इच्छा मनात आणावी. आधी स्वतःविषयी, मग जवळच्या माणसाविषयी, आणि ज्याच्यावर राग आहे तो शेवटी घ्यावा. पश्चात्ताप एखाद्या खऱ्या चुकीचा असेल, तर उठल्यावर क्षमा मागावी किंवा नुकसान भरून द्यावे, कारण त्यावर आसनावर बसून उपाय होत नाही. मात्र रोजच्या साधनेत सर्वाधिक आड येतात ती सुस्ती आणि अस्वस्थता, आणि या दोघांवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

स्मृती (सजगता), धम्मविचय (अनुभवाची बारकाईने पारख), वीर्य (उत्साही प्रयत्न), प्रीती (आनंद), प्रश्रब्धी (शांत सैलपणा), समाधी (एकाग्रता) आणि उपेक्षा (समभाव) ही ती सात बोध्यंगे. संयुत्त निकायातील अग्गि सुत्तात बुद्ध अग्नीचे उदाहरण देतात. लहानसा विस्तव फुलवायचा असताना त्यावर ओले गवत, ओले शेण आणि ओली लाकडे टाकली, वर धूळ भुरभुरली, तर तो फुलणार नाही. त्याचप्रमाणे चित्त मंदावलेले असताना प्रश्रब्धी, समाधी आणि उपेक्षा यांची भावना करण्याची ती वेळ नव्हे. त्या वेळी धम्मविचय, वीर्य आणि प्रीती जागवावीत. उलट आगीचा भडका विझवायचा असेल तर तिच्यात वाळलेले गवत घालून चालणार नाही. चित्त उधळलेले असताना विचय, वीर्य आणि प्रीती बाजूला ठेवून शांत करणाऱ्या तिघांकडे वळावे. स्मृती मात्र सर्वत्र उपयोगी आहे, कारण चित्त मंद आहे की उधळलेले हे तिच्याशिवाय कळतच नाही. संपूर्ण साधनेत मला सर्वांत मोलाची वाटणारी सूचना हीच आहे. पेंगुळलेला साधक ‘अजून शांत व्हायला हवे’ म्हणून आणखी सैल पडतो आणि अस्वस्थ साधक ‘अजून जोर लावायला हवा’ म्हणून दात आवळतो. दोघांचे कष्ट खरे असतात, पण दोघांनीही उलटे औषध घेतलेले असते.

सुस्तीवर काय करावे, याचे फार सूक्ष्म मार्गदर्शन अंगुत्तर निकायात आहे. मगध देशातील कल्लवाळपुत्त गावात महामोग्गल्लान ध्यानाला बसले असता पेंगत होते. पुढे बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांपैकी (प्रमुख शिष्यांपैकी) एक म्हणून ओळखले गेलेले हे भिक्खू होते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण झोप येते म्हणून स्वतःला नालायक ठरवणारे साधक अनेक आहेत. बुद्धांनी त्यांना एकामागून एक सात उपाय सांगितले. ज्या विचाराने झोप चढते त्याला थारा देऊ नये. तेवढ्याने न भागल्यास ऐकलेल्या धम्मावर चिंतन करावे. मग तो धम्म मोठ्याने म्हणावा. मग कानाच्या पाळ्या ओढाव्यात आणि हातपाय चोळावेत. मग उठून डोळ्यांना पाणी लावावे, चहूदिशांना पाहावे, वर नक्षत्रांकडे पाहावे. मग मनात दिवसाच्या उजेडाची कल्पना करावी. मग इंद्रिये आत वळवून येरझाऱ्या घालाव्यात. एवढ्याने झोप सरली नाही तर उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, कधी उठायचे ते ठरवून निजावे आणि जाग येताच उठावे. शेवटचा हा पर्याय बुद्धांनीच दिलेला असल्याने खऱ्या थकव्याशी झुंजत बसण्याचे कारण नाही.

अस्वस्थ चित्तासाठी शरीरापासून सुरुवात करणे सोपे जाते. कपाळ, जबडा, खांदे, पोट या क्रमाने आवळलेली जागा शोधून सैल सोडावी, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक श्वासाबरोबर शरीराची हालचाल शांत होत आहे याकडे लक्ष द्यावे. श्वास आपोआप हलका होतो. बोध्यंगांतील प्रश्रब्धी ती हीच. तिच्यातून समाधी येते, आणि समाधी स्थिर झाली की चित्ताला सारखे ढकलण्याची किंवा आवरण्याची गरज उरत नाही, तेव्हा उपेक्षेने नुसते पाहत राहावे. दीर्घकाळ तीव्र नैराश्य किंवा भीती यांचा त्रास असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ला घेऊनच लांब बैठका किंवा शिबिरे करावीत.

सराव वाढला की प्रकाश दिसणे, अंगभर आनंदाच्या लहरी उठणे, विलक्षण स्पष्टता येणे असे अनुभव येतात, आणि बोधी जवळ आली असे वाटू लागते. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी रचलेल्या विसुद्धिमग्गात अशा दहा गोष्टी विपश्यनेचे उपक्लेश, म्हणजे तिला मलिन करणाऱ्या गोष्टी, म्हणून मोजल्या आहेत. त्यांत प्रकाश आणि प्रीतीबरोबर या अनुभवांविषयीची सूक्ष्म आसक्तीही येते. त्यांवर उपाय साधा आहे : प्रकाशालाही उपजणारा आणि मावळणारा म्हणून पाहावे आणि साधना पुढे चालू ठेवावी. सुखद अवस्था कितीही उंच असली तरी ती बदलणाऱ्यांपैकीच एक आहे. म्हणून पाली परंपरा प्रगती मोजते ती अशा अनुभवांवरून नव्हे, तर कोणती बंधने कायमची तुटली यावरून. मुक्तीच्या वाटेवर स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी आणि अर्हत अशा चार पायऱ्या आहेत. स्रोतापन्नाची तीन बंधने तुटतात : पाच स्कंधांत (शरीर आणि मनाच्या घटकांत) ‘मी’ पाहण्याची दृष्टी, संशय, आणि नुसत्या व्रत-कर्मकांडाने मुक्ती मिळते हा आग्रह. सकृदागामीचा काम (विषयांची ओढ) आणि द्वेष क्षीण होतो, अनागामीचा तो नष्ट होतो, आणि अर्हताची दहाही बंधने गळून पडतात. त्यांत अहंकार, अस्वस्थता आणि अविद्या ही अगदी शेवटची आहेत.

आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे स्वतःच जाहीर करण्याची घाई करू नये. त्याऐवजी सचित्त सुत्तातील प्रश्न रोज निजण्यापूर्वी स्वतःला विचारावेत : आज माझे चित्त बहुतेक वेळ लोभी होते की निर्लोभ? द्वेषाने भरलेले होते की द्वेषरहित? सुस्त होते की जागे? अस्वस्थ होते की शांत? संशयात अडकलेले होते की त्यातून पार झालेले? क्रोधी होते की अक्रोधी? शरीर तापलेले होते की निवांत? प्रयत्नात आळस होता की उत्साह? उत्तरे एका वहीत दोन ओळींत लिहावीत, आणि दुसऱ्या दिवशी बसण्यापूर्वी ती वाचून, आधी विचय-वीर्याकडे वळायचे की प्रश्रब्धीकडे, याचा अंदाज घ्यावा. प्रत्यक्ष बसल्यावर चित्त वेगळे आढळले तर अंदाज सोडून द्यावा आणि समोर आहे त्या चित्ताप्रमाणे वागावे.