मिठागरातल्या ड्युनालिएलापासून बीटा-कॅरोटीन: वाढवणे, काढणे, तपासणे

एप्रिल-मेमध्ये मिठागराचं पाणी आटत आलं की अनेकदा लालसर-केशरी दिसतं. तो रंग एकट्या ड्युनालिएला सलायना या सूक्ष्म शैवालाचा नसतो, मीठप्रिय आर्कियाही (जीवाणूंसारखे, केंद्रक नसलेले एकपेशी जीव) तिथे असतात. म्हणून नमुन्याचा थेंब आधी सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून बघा. दोन कशाभिकांनी (चाबकासारख्या शेपट्यांनी) पोहणारी, अंडाकृती, केशरी पेशी ड्युनालिएलाची. त्याहून कितीतरी बारीक गुलाबी दांडके दिसले तर ते आर्किया. वाढवण्यासाठी एकच पेशी केशनलिकेने उचलून वेगळी करावी. मिश्र नमुन्यात केशरी न होणाऱ्या छोट्या ड्युनालिएला-जाती पुढे निघून जातात.

माध्यमासाठी १ लिटर गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात प्रयोगशाळेचं सोडियम क्लोराइड ६० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ०.५ ग्रॅम आणि सोडियम फेरिक ईडीटीए (लोह पुरवणारं संयुग) अर्धा मिलिग्रॅम घाला. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यातल्या गुठळ्या रोखणाऱ्या पदार्थांनी पाणी गढूळ होतं. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०३ ग्रॅम वेगळं ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) थंड माध्यमात मिसळा, एकत्र तापवल्यास कॅल्शियमबरोबर पांढरा साका बसतो. सोडियम बायकार्बोनेट २ ग्रॅम ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. पीएच ७.५ ते ८, तापमान २५ अंश, मध्यम उजेड. दोनेक आठवड्यांत माध्यम हिरवंगार होतं.

हिरव्या पेशींत बीटा-कॅरोटीन, म्हणजे केशरी रंगद्रव्य, फार नसतं. ते साठतं ताणामुळे: नायट्रेट बंद, मीठ जास्त, उजेड प्रखर. हिरव्या पेशी नायट्रेटविरहित माध्यमात घ्या आणि दर दोन दिवसांनी लिटरमागे २५ ग्रॅम मीठ वाढवत एकूण २०० ग्रॅमपर्यंत न्या. घाई करू नका. या पेशीला कठीण भित्तिका नाही, ती आतल्या ग्लिसरॉलने बाहेरच्या मिठाचा तोल सांभाळते, आणि ग्लिसरॉल तयार व्हायला वेळ लागतो. याच कारणाने काढणी करताना गोड्या पाण्याने धुऊ नये. पेशी फुटून रंग पाण्यात जातो.

सेंट्रिफ्यूज १,५०० जी-बलाला, १० मिनिटं. १० मिलिलिटर संवर्धनातल्या गोळ्यावर इथेनॉल-हेक्झेन (२:१) मिश्रण ३ मिलिलिटर ओतून जोरात हलवा. मग पाणी २ आणि हेक्झेन ४ मिलिलिटर घालून पुन्हा हलवा, थर वेगळे होऊ द्या. हे सगळं मंद उजेडात, धूरकक्षात आणि ज्योतीपासून दूर. वरच्या थराचं ४५० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं वाचन घ्या. वाचन × ३.९ म्हणजे हेक्झेन अर्काच्या दर मिलिलिटरला बीटा-कॅरोटीनचे मायक्रोग्रॅम. वाचन १ च्या वर गेलं तर हेक्झेनने पातळ करा. अर्क हिरवट असेल तर हा आकडा फुगलेला असतो, कारण क्लोरोफिल-बीही तिथेच प्रकाश शोषतं.

अँटिऑक्सिडंट ताकद मोजायला सवयीने डीपीपीएच (अँटिऑक्सिडंटने रंग फिका होणारं जांभळं अभिकर्मक) वापरलं जातं. इथे ते चुकीचं ठरतं: बीटा-कॅरोटीन त्याच्याशी फारच मंद क्रिया करतं, शिवाय कॅरोटीनचा स्वतःचा रंग ५१७ नॅनोमीटरच्या वाचनात शिरतो. त्याऐवजी एबीटीएस हे अभिकर्मक घ्या. ७ मिलिमोलर एबीटीएसमध्ये अंतिम तीव्रता २.४५ मिलिमोलर होईल इतकं पोटॅशियम परसल्फेट घालून अंधारात १२ ते १६ तास ठेवा, नंतर इथेनॉलने ७३४ नॅनोमीटरला ०.७० येईपर्यंत पातळ करा. तिथे कॅरोटीनचा रंग अडथळा आणत नाही. हेक्झेन नायट्रोजनखाली उडवून अवशेष थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये घ्या, १ मिलिलिटर द्रावणात १० मायक्रोलिटर टाका आणि ६ मिनिटांनी वाचा. नुसत्या अ‍ॅसिटोनचं कोरं वाचन आणि ट्रोलॉक्सची (तुलनेसाठीचं प्रमाण अँटिऑक्सिडंट) प्रमाणरेषा त्याच दिवशी हवी. उरलेला अर्क उणे २० अंशाला, नायट्रोजन भरून, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.