मगरीची पचनसंस्था शिकताना

सरीसृपांच्या शरीररचनेचा अभ्यास सुरू केला तेव्हा मगरीची पचनसंस्था मी सस्तन प्राण्यांच्या आकृत्या डोळ्यांसमोर ठेवून वाचत होतो. परिणामी पहिल्याच विच्छेदनात जठराच्या भिंतीवरची पांढरी, चकचकीत तबकडी रोगाची खूण समजून मी तशी नोंद केली. प्रत्यक्षात तो स्नायू जिथे जोडले जातात तो कंडरेचा पट्टा होता आणि पक्ष्यांच्या पेषणीवरही, म्हणजे अन्न दळणाऱ्या स्नायुमय जठरावरही, तो असतो. आज हयात असलेल्या प्राण्यांत मगरींचे सर्वांत जवळचे नातलग पक्षीच असल्याने, या विषयात नव्याने येणाऱ्याने मगरीशेजारी कोंबडीचे जठरही उघडून ठेवावे, असे माझे तेव्हापासून मत आहे.

तोंडावर आणि अन्ननलिकेवर फार वेळ घालवू नये. मगर अन्न चावत नाही, तुकडे फाडून गिळते. जीभ तळाला जखडलेली असते आणि घशाच्या तोंडाशी असलेली झडप पाण्याला अडवते. अन्ननलिका उभ्या घड्यांमुळे बरीच ताणली जाते.

खरा वेळ जठराला द्यावा. त्याचा मोठा, जाड स्नायूंचा भाग आणि त्यापुढचा लहानसा कप्पा वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. आत दगड सापडले तर ते दळण्यासाठी की पाण्यात तोल राखण्यासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून परीक्षेत एकच कारण ठामपणे लिहू नये. सूक्ष्मदर्शकाखाली मी आम्ल स्रवणारी आणि पेप्सिनोजेन (प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिनचे पूर्वरूप) स्रवणारी अशा दोन पेशी बराच वेळ शोधत बसलो होतो. सस्तन प्राण्यांत त्या वेगळ्या असतात, मगरीत मात्र दोन्ही कामे एकच पेशी करते.

या आम्लाचा संबंध हृदयाशी आहे, हे मला फार उशिरा उमगले. मगरीची डावी महाधमनी हृदयाच्या उजव्या जवनिकेतून (खालच्या कप्प्यातून) निघते आणि तिच्यातील कार्बन डायऑक्साइडयुक्त रक्ताचा मोठा वाटा जठराकडे जातो. हा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेने बंद केलेल्या ॲलिगेटरांत (मगरींच्याच गटातील प्राण्यांत) आम्लस्राव घटतो आणि हाडे विरघळण्यास अधिक वेळ लागतो, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. म्हणून पचनाचे प्रकरण रक्ताभिसरणाच्या प्रकरणानंतर वाचावे.

आतड्यांचे काम त्यामानाने सोपे आहे. आद्यांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, वेटोळ्यात स्वादुपिंड दिसते, अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची बंद पिशवी) नसते, आणि शेवटी अवस्कर, म्हणजे मल, मूत्र आणि जननमार्गांचा सामाईक कप्पा, येतो. मूत्राशय शोधू नये, तो नाहीच.

जठरातील अन्नाची नोंद करताना मात्र घाई नडते. मऊ मांस लवकर विरघळते, तर केस आणि कीटकांची कवचे मागे रेंगाळतात. जे सापडले ते सरळ मोजून मी एका मगरीला मुख्यतः कीटकभक्षी ठरवले होते आणि मार्गदर्शकांनी ते पान शांतपणे परत केले. पचनाचा वेगही शरीराच्या तापमानावर अवलंबून असतो. ३० अंश सेल्सियसच्या आसपास ते जोमाने चालते, शरीर फार थंडावल्यास प्राणी खाणेच सोडतो. म्हणून आता माझ्या वहीत प्रत्येक तुकड्यासमोर तो कितपत विरघळला आहे हे आणि त्या दिवशीचे पाण्याचे तापमान, असे दोन रकाने आधीच आखलेले असतात.