आधी नाव तपासा, मग मत मागा

मी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटात राहते. निवडणूक जवळ आली की शेजारच्या क्लेटन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) दारोदार फिरते, तरुण कृष्णवर्णीय मतदारांना भेटते. यंदा आपल्यापैकी जे पहिल्यांदाच या कामाला उतरताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

दार उघडताच उमेदवाराचं नाव घेऊ नका. ऑक्टोबर 2024 मध्ये पिट्सबर्गला बराक ओबामांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांना पुरेसा पाठिंबा देत नाही म्हणून कृष्णवर्णीय पुरुषांना चार शब्द सुनावले, ते अनेकांना लागलं. ओबामांचं बोलणं जिथे लागतं, तिथे आपण कोण? उपदेश नकोच. "भाडं, नोकरी, पोलीस, यातलं सगळ्यात जास्त काय छळतंय?" एवढं विचारा आणि त्याला बोलू द्या. बार्बरशॉपमध्ये जायचं असेल तर आधी मालकाची परवानगी घ्या, आणि तिथेही ऐकायलाच बसा.

मग फोन काढायला सांगा. जॉर्जियाच्या 'माय व्होटर पेज'वर, म्हणजे मतदाराला स्वतःची नोंद बघता येते त्या सरकारी संकेतस्थळावर, नावाचं पहिलं अक्षर, आडनाव, काउंटी आणि जन्मतारीख भरली की नोंद दिसते. फोन त्याच्याच हातात राहू द्या. जन्मतारीख तुम्ही लिहून घेऊ नका. स्पेलिंग, पत्ता, मतदान केंद्र नीट वाचायला लावा. 'इनॅक्टिव्ह' (बराच काळ संपर्क नसलेला मतदार) दिसलं तरी मत देता येतं, हे आवर्जून सांगा. मात्र तसंच पडून राहिलं आणि पुढच्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत मतदानही नाही, संपर्कही नाही, तर नाव जातं. 2017 मध्ये या राज्याने एका फटक्यात पाच लाखांहून जास्त नावं काढली होती. त्यात घर बदललेले, वारलेले होते, तसेच नुसते मतदानाला न गेलेलेही होते. यादी अचूक हवीच, पण घर सतत बदलणाऱ्या भाडेकरूला त्याची किंमत मोजावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात नाजूक विषय तुरुंगाचा. "तुम्हाला शिक्षा झाली होती का?" असं कधीही विचारू नका. नियम सगळ्यांनाच सांगा. जॉर्जियात गंभीर गुन्ह्याची शिक्षा प्रोबेशन (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली काढायची शिक्षा) आणि पॅरोल (मुदतीआधीची सशर्त सुटका) यांसकट पूर्ण झाली की हक्क आपोआप परत येतो, पण नोंदणीचा अर्ज नव्याने भरावा लागतो. 'ऑन पेपर' असेपर्यंत, म्हणजे प्रोबेशन किंवा पॅरोल चालू असताना, तो भरायचा नाही. मिशिगन, पेनसिल्व्हेनियात तुरुंगाबाहेर आलं की मत देता येतं. भाऊ-चुलतभाऊ वेगवेगळ्या राज्यांत असतात, ऐकीव माहिती इकडची तिकडे होते आणि हक्क असलेला माणूस घरी बसतो. स्वतःच्या शिक्षेबद्दल शंका असेल तर त्याने प्रोबेशन अधिकाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. तुम्ही अंदाज सांगू नका.

तारखा पाठ ठेवा. इथे नोंदणी मतदानाच्या सुमारे चार आठवडे आधी बंद होते आणि त्याच दिवशी नोंदणी करून मत देण्याची सोय नाही. केंद्रीय निवडणुकीआधीच्या 90 दिवसांत यादीची घाऊक छाटणी करता येत नाही, पण एखाद्या मतदाराच्या नावावर हरकत त्यानंतरही येऊ शकते. म्हणून अर्ली व्होटिंग, म्हणजे मुख्य दिवसाआधीचं मतदान, सुरू होण्याआधी त्याच घरी पुन्हा जा, नोंद पुन्हा बघायला सांगा.

केंद्रावर नाव सापडलं नाही तर परत फिरायचं नाही, प्रोव्हिजनल बॅलट मागायची, म्हणजे मतदाराची पात्रता तपासून नंतर मोजली जाणारी तात्पुरती मतपत्रिका. 2002 च्या केंद्रीय कायद्याने तो हक्क दिला आहे. फोटो ओळखपत्र राहिलं असेल तर ते मतदानानंतर 3 दिवसांच्या आत काउंटी कार्यालयात दाखवायचं. त्या कार्यालयाचा नंबर त्याच्या फोनमध्ये दारातच सेव्ह करायला लावा.