घरी वेदना आवरताना: तरुण कर्करुग्णाच्या घरच्यांसाठी

उपशामक उपचार, म्हणजे वेदना आणि इतर त्रास कमी करणारे उपचार, केमोथेरपीच्या जोडीनेही सुरू करता येतात. म्हणून जत-आटपाडीहून मिरजेला तपासणीसाठी जाल, तेव्हाच डॉक्टरांना त्याविषयी विचारावे. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची साधी (लगेच परिणाम करणारी) गोळी, जी सहसा दर ४ तासांनी दिली जाते, ती दुखणे उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळेलाच द्यावी आणि सोबत डॉक्टरांनी दिलेले पोट साफ होण्याचे औषध चुकवू नये, कारण या गोळीने बद्धकोष्ठता बहुतेकांना होतेच. वहीत वेळ, डोस आणि ० ते १० पैकी वेदनेचा आकडा (० म्हणजे वेदना नाही, १० म्हणजे असह्य वेदना) लिहावा. तो आईने अंदाजाने न लिहिता पंचविशीतल्या मुलाला किंवा मुलीलाच विचारावा. आजाराची माहिती त्यांच्यापासून लपवू नये, असे मला ठामपणे वाटते. नोकरी, लग्न, मूल यांविषयीचे निर्णय त्यांचेच आहेत. फार गुंगी आली किंवा श्वास मंदावला, तर पुढची गोळी थांबवून तातडीने डॉक्टरांना कळवावे.